सल्ला हवा: भंडारदऱ्याला उजाडायच्या आधीचे फोटो – लेन्स घेऊ, फिल्टर घेऊ, की नुसतं लवकर उठू?

कासवगती

मंडळी, गेल्या वर्षी याच दिवसांत भंडारदऱ्याला गेलो होतो. धरणाजवळच्या शेंडी गावात मुक्काम. सूर्योदय सातला म्हणून साडेसहाला उठलो, तोंडावर पाणी मारलं आणि धरणाच्या काठाकडे धावत सुटलो. जागा शोधेपर्यंत सव्वासात. फोटोत काय आलं? वर पांढरंफटक आकाश, खाली काळं पाणी आणि कोपऱ्यात आतेभावाचा हात (तो चहाचं विचारत होता). मुक्कामाच्या ठिकाणी जेवणघराच्या भिंतीवर याच पाण्याचा निळा-गुलाबी, आरशासारखा फोटो टांगला होता. तो बघत गार पोहे खाल्ले.

यंदा दत्तजयंतीच्या आसपास परत चाललोय, दोन रात्री. सामान असं: सहा वर्षं जुना क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरचा कॅमेरा, त्याच्यासोबत आलेली १८-५५ मिमीची लेन्स, एक लांबचं जवळ आणणारी ५५-२५० (लग्नात पाहुण्यांचे नकळत फोटो काढायला घेतली होती) आणि एक ट्रायपॉड, जो वारा आला की मान डोलावतो. थोडे पैसे हातात आलेत. १०-१८ सारखी वाइड (रुंद दृश्य पकडणारी) लेन्स घेऊ का? की फिल्टरचा संच? उभं कुठे राहायचं? किती वाजता? आणि भंडारदराच बरा, की दुसरं एखादं डोंगरातलं तळं सुचवाल?

आधीच सांगतो, 'आधी मॅन्युअल वाचा' म्हणू नका. वाचलंय. झोप लागली.

घोटीकर

दुसरं तळं शोधू नका. मुंबईहून आलात तर इगतपुरी-घोटी-बारी करत साडेतीन-चार तासांत शेंडी. एकाच पाण्याला इतक्या बाजूंनी डोंगर जवळपास दुसरीकडे नाहीत. उत्तरेला कळसूबाईची रांग, नैऋत्येला रतनगड, पश्चिमेला घाटघरचा कडा.

गेल्या वर्षी उठायला उशीर झाला हे खरं, पण तोंडही चुकीच्या दिशेला होतं असं वाटतंय. पांढरंफटक आकाश म्हणजे तुम्ही पूर्वेकडे बघत होतात. शेंडीच्या बाजूला, म्हणजे पाण्याच्या पूर्व टोकाला उभे राहिलात तर सूर्य पाठीमागून येऊ द्या आणि तुम्ही रतनगडाकडे बघा. गडाचा खुट्टा (सुळका) आणि नेढं (डोंगरातलं आरपार भोक) असलेला माथा आधी रंगतो, पाणी तेव्हा अजून निळंच असतं. ज्यांना सूर्यच पाण्यावर हवा त्यांनी पश्चिमेच्या काठाला जावं. रतनवाडीच्या रस्त्यावरून उत्तरेकडे पाण्यापलीकडे कळसूबाईची रांग, तेही चांगलं. पण शेंडीहून रतनवाडी साधारण वीस किलोमीटर. अंधारात, वळणावळणांनी, वाटेत गुरं. निदान पहिल्या सकाळी तरी नको.

वनखात्याच्या नाक्यावर प्रवेशशुल्क भरून पावती घ्या आणि तिथेच विचारून ठेवा की पहाटे पुढे सोडतात का, कुठपर्यंत सोडतात. हे सगळं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतं. बिबट्या आहे. अंधारात एकट्याने पाण्याकाठी भटकू नका, आतेभावाला उठवा. ड्रोन असेल तर घरी ठेवा. अभयारण्य आहे आणि वर धरण आहे, परवानगीशिवाय उडवलात तर पंचाईत.

अंधारखोली

घोटीकरांनी दिशा सांगितली, मी वेळ सांगतो. माझं सगळं शिक्षण स्लाइड फिल्मवर झालं. छत्तीस फोटो संपले की संपले, त्यामुळे घड्याळाकडे बघायची सवय लागली.

डिसेंबरच्या मध्यात तिकडे सूर्योदय सातच्या आसपास. आपल्या अक्षांशावर सूर्य क्षितिजाखाली दर सहा अंश सरकायला साधारण पंचवीस मिनिटं घेतो. म्हणजे पावणेसहाच्या सुमाराला काळोख पातळ व्हायला लागतो, सव्वासहाला डोंगरांच्या कडा वेगळ्या दिसतात, साडेसहा-पावणेसातच्या दरम्यान बिनबॅटरीचं चालता येतं. त्या भिंतीवरच्या फोटोचा निळा रंग सव्वासहा ते साडेसहाचा असणार आणि गुलाबी त्यानंतरचा. तुम्ही पोचलात सव्वासातला. तोवर दुकान बंद.

पश्चिमेकडे बघितलंत तर आणखी एक गोष्ट मिळते, जी पूर्वेकडे बघणाऱ्यांना कधीच दिसत नाही. सूर्योदयाच्या पंधरा-वीस मिनिटं आधी पश्चिम क्षितिजावर एक राखाडी-निळी पट्टी असते आणि तिच्यावर गुलाबी. ती राखाडी पट्टी म्हणजे पृथ्वीची स्वतःची सावली, हवेवर पडलेली. वरचा गुलाबी पट्टा म्हणजे पूर्वेहून आलेला तांबूस उजेड वातावरणातून परत फिरलेला. त्याला शुक्राचा पट्टा म्हणतात, शुक्राशी काही संबंध नसला तरी. सूर्य वर येतो तशी ती सावली खाली खाली जाते आणि डोंगरामागे बुडते. आकाश स्वच्छ असेल तर हा प्रकार पाण्यातही उलटा दिसतो.

दत्तजयंती म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमा, हे मुद्दाम निवडलंत का? पौर्णिमेच्या सकाळी चंद्र साधारण सूर्योदयाच्या सुमारास मावळतो, आदल्या सकाळी त्याच्या पाऊण-एक तास आधी. म्हणजे आदल्या दिवशी निळ्या उजेडात चंद्र पश्चिमेला खाली उतरलेला असेल. तो फोटो हवा असेल तर कालनिर्णयमध्ये चंद्रास्ताची वेळ बघून ठेवा. आकाशगंगेचा गाभा मात्र डिसेंबरात विसरा. तो पहाटे दिसायला फेब्रुवारीअखेर ते एप्रिल, आग्नेयेला, आणि अमावास्येच्या आसपास.

आकडे हवेत म्हणून देतो (एफ म्हणजे लेन्सचं भोक किती उघडं, सेकंद म्हणजे शटर किती वेळ उघडं, आयएसओ म्हणजे उजेडाला संवेदनशीलता), पण ब्रह्मवाक्य समजू नका. सूर्योदयाला पाऊण तास असताना एफ/४, तीस सेकंद, आयएसओ १६००. पंचवीस मिनिटं असताना एफ/८, तीस सेकंद, आयएसओ २००. दहा मिनिटं असताना एफ/८, एक-दोन सेकंद, आयएसओ १००. मधल्या काळात उजेड दर तीनेक मिनिटांनी दुप्पट होतो. म्हणून एक फोटो काढून पडद्यावर मोठा करून कौतुक करत बसलात, की पुढचा जळलाच, म्हणजे जास्त उजेडाने पांढरा पडला.

ठाण्याची_मैना

वाइड लेन्स घेऊ नका!! मी घेतली, हिशोब करून पस्तावले. तो हिशोबच देते.

रतनगड समुद्रसपाटीपासून साधारण १३०० मीटर, पाण्याची पातळी ७४० च्या आसपास. म्हणजे गड पाण्याच्या वर साडेपाचशे मीटर. शेंडीच्या काठापासून सरळ रेषेत अंतर सात-आठ किलोमीटर. कोन काढला तर जेमतेम चार अंश भरतो. क्रॉप कॅमेऱ्यावर १८ मिमीला फ्रेमची उंची सत्तेचाळीस अंश दिसते. म्हणजे गड फ्रेमच्या उंचीच्या बाराव्या भागात मावला. १० मिमीला तर भाजणीच्या थालीपीठावर तिळाचा दाणा. ५५ मिमीला फ्रेम सोळाएक अंशांची, तिथे गड पाव फ्रेम भरतो, खाली प्रतिबिंबाचा पाव, वरखाली आकाश-पाणी. झाला की फोटो. तुमची १८-५५ शेवटपर्यंत फिरवा, ५५-२५० लावा आणि वाइडचे पैसे ट्रायपॉडात घाला.

वाइड कधी लागते? पायाशी काही बघण्यासारखं असेल तेव्हा. खडक, गवतावरचं दव, ओढून ठेवलेली होडी. तशी जागा सापडली तर एका दिवसापुरती भाड्याने आणा.

फिल्टरवाला_बंड्या

ट्रायपॉडशी सहमत, पण फिल्टरबद्दल कोणीच बोललं नाही. ग्रॅज्युएटेड एनडी घ्याच. वर काळा, खाली पारदर्शक. आकाश आणि पाण्यातला फरक जागेवरच आटोक्यात येतो, घरी जाऊन चार फोटो चिकटवत बसायला नको. आणि पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर, तर हवाच.

खडूस_काका

बंड्या, पोलरायझर कशाला रे? पोरगा प्रतिबिंबाचा फोटो काढायला चाललाय आणि तू त्याला प्रतिबिंब पुसायचं फडकं देतोयस. वर दीड-दोन स्टॉप उजेड खातो तो वेगळाच (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), तेही अंधारात.

ग्रॅज्युएटेड फिल्टरबद्दल अर्धं मान्य. पाण्यातलं प्रतिबिंब खऱ्या आकाशापेक्षा नेहमीच थोडं गडद असतं, एक-दोन स्टॉपचा फरक. तो डोळ्यांना सवयीचा आहे. लोक तीन स्टॉपचा फिल्टर लावतात आणि मग फोटोत पाणी आकाशाहून उजळ दिसतं. बघणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं. घ्यायचाच तर दोन स्टॉपचा, मऊ कडेचा. शिवाय इथे क्षितिज सरळ नाही, डोंगर आहेत. त्यांचे माथे फिल्टरच्या काळ्या भागात जातात आणि कोळशासारखे होतात.

पश्चिमेकडे बघणार असतील तर मुळात फरकच कमी. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा, एक फोटो आकाश सांभाळून, दुसरा दोन स्टॉप जास्त. काम भागतं.

फिल्टरवाला_बंड्या

काका, धुकं हलत असलं की दोन फोटो जुळत नाहीत, तेव्हा आठवण येईल माझी.

खडूस_काका

येईल तेव्हा फोन करतो.

नवखी_पाखरू

माझ्याकडे कॅमेराच नाही, फोन आहे. मी वाचू की जाऊ? 😄

ठाण्याची_मैना

थांब गं. फोनचा नाइट मोड हातात दोन-तीन सेकंद देतो, तोच फोन ट्रायपॉडवर स्थिर ठेवलास की त्याचं त्याला कळतं आणि तो जास्त सेकंद देतो. तीन सेकंदांचा टायमर लाव, म्हणजे बोट लागून हलणार नाही. पडद्यावर डोंगराच्या कडेला बोट दाबून धर, फोकस आणि उजेड दोन्ही कुलूपबंद होतात, मग उजेड थोडा खाली ओढ. फोन नाहीतर पहाटेची दुपार करून ठेवतो.

रॉकीतला_कोकणी

कॅल्गरीहून. आमच्याकडे मोरेन लेक म्हणून प्रकरण आहे, कॅनडाच्या जुन्या वीस डॉलरच्या नोटेवर ज्याचं चित्र होतं. २०२३ पासून तिथे खासगी गाडीला बंदी, त्यामुळे फोटोवाले पहाटेच्या शटलचं आरक्षण करून काळोखात जातात. मी गेलो तेव्हा तळ्याकाठच्या दगडांच्या ढिगाऱ्यावर माझ्याआधी तीसेक ट्रायपॉड मांडलेले. शेजारी एक बाई कुजबुजली, "तुम्ही मराठी का हो? आत्ता 'अरे देवा' म्हणालात." घरून आणलेले शंकरपाळे काढले तिने. असो.

कामाचं एवढंच. तळ्यामागच्या दहा शिखरांच्या माथ्यावर ऊन येतं आणि तळं अजून तासभर सावलीत असतं. लोक माथा पेटला की भराभर काढतात आणि वरचा भाग जाळून घेतात. रतनगडालाही तेच होईल. माथ्यावर पहिला उजेड पडला की हिस्टोग्रामचं (कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखाचं) उजवं टोक बघा, पाण्याची काळजी घरी जाऊन करा.

कासवगती

केवढं हे! धन्यवाद मंडळी. मैनाताई, थालीपीठावरच्या तिळाने माझे बरेच पैसे वाचवले. वाइड लेन्स रद्द, ट्रायपॉड मागवला.

दोन शंका राहिल्या. धुकं असेल का, आणि असलं तर चांगलं की वाईट? आणि अंधारात फोकस कसा करायचा? गेल्या वेळी कॅमेरा नुसता घुं घुं करत राहिला.

अंधारखोली

फोकस सोपा आहे. लाइव्ह व्ह्यू चालू करा, पलीकडच्या काठावर एखाद्या वाडीचा दिवा असेल तो पडद्यावर दहापट मोठा करा, हाताने रिंग फिरवून तो ठिपका बारीकात बारीक करा, मग मॅन्युअलवर ठेवून लेन्सला चिकटपट्टी. दिवा नसेल तर ठळक तारा किंवा चंद्र. झूम हलवलीत की फोकस परत करा. ट्रायपॉडवर असताना स्थिरीकरण बंद ठेवा, टायमर दोन सेकंदांचा. 'लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन' चालू असेल तर तीस सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी तीस सेकंद अडून बसतो. उजेड दर तीन मिनिटांनी दुप्पट होत असताना हे परवडत नाही, तेही बंद.

घोटीकर

धुक्याचं मी सांगतो. निरभ्र रात्र, वारा पडलेला, थंडी आठ-दहा अंशांवर आलेली, अशा पहाटे उतारांवरची गार हवा खाली पाण्यावर येऊन बसते. पाणी दिवसभराचं कोमट. मग पाण्यातून चहाच्या कपासारखी वाफ निघते, हात-दोन हात उंचीची, आणि हळूहळू सरकत राहते. हे मिळालं तर नशीब. कधीकधी मात्र सगळं खोरंच भरून जातं, दहा फुटांवरचं झाड दिसत नाही. तेव्हा काठावर कुढत बसू नका, गाडी काढा आणि रस्त्याने वर चढा. शंभर मीटर वर गेलात तरी बऱ्याचदा धुक्याच्या वर निघता आणि खाली दुधाचं पातेलं दिसतं.

पाणी आरसा असतं ते ऊन उतारांवर पडेपर्यंतच. उतार तापले की हवा हलते, पाण्यावर शहारा येतो आणि प्रतिबिंब गेलं. सूर्य वर आल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत हा खेळ आटोपतो. आणि पाणी मुळात शांत असेल तर तीस सेकंदांचा हट्ट धरू नका. लांब एक्स्पोजरने शहारे पुसले जातात हे खरं, पण कडाही पुसल्या जातात. आरसा असेल तर आयएसओ वाढवून कमी सेकंदांत काढा.

आता महत्त्वाचं. पावसाळ्यानंतर धरण भरलेलं असतं, अकरा टीएमसीचं, तेव्हा पाणी झाडांच्या बुंध्यांपर्यंत. पुढे खाली निळवंडे धरणाकडे आवर्तन (शेतीच्या पाण्याची पाळी) सुटलं की काठ मागे सरकतो आणि गाळ उघडा पडतो. वरून वाळलेला, भेगाळलेला, खाली रेंदा. मी स्वतः एकदा 'जरा पुढे जाऊन प्रतिबिंब पूर्ण घेऊ' म्हणून चार पावलं टाकली. पाचव्याला गुडघ्यापर्यंत आत. उजवा बूट आतच राहिला. ट्रायपॉडचा एक पाय रुतून बसला, ओढला तर खालचा टप्पाच निसटून आला. शेवटी वाडीतल्या एका आजोबांनी फळी आणून टाकली आणि मला म्हणाले, "म्हशीला कळतं तिथं जायचं नाही." तर गुरांच्या पायवाटेनेच पाण्याकडे उतरा. जिथे गुरं पाणी प्यायला जातात तिथे जमीन घट्ट असते. आणि कोणी गाळपेर केलेली असेल तर तिच्यातून चालू नका, ते कोणाचं तरी शेत आहे.

जागा आदल्या संध्याकाळी उजेडात ठरवा. ट्रायपॉडचे तीन पाय कुठे येतील तिथे दगड मांडून ठेवा. शनिवार टाळता आला तर टाळा, तंबूवाल्यांचे स्पीकर रात्री उशिरापर्यंत आणि रंगीत माळा पहाटेपर्यंत. त्या माळा तुमच्या तीस सेकंदांत पाण्यावर लालहिरव्या रेघा ओढतात.

मुक्कामाला एमटीडीसी आहे, घरगुती सोयही भरपूर. भाव आधी ठरवा. शेंडीत जाऊन शेंडी लावून घेऊ नका.

खडूस_काका

घोटीकर, शेवटच्या वाक्यासाठी तुम्हाला या धाग्यावरून हाकलायला हवं.

कासवगती, थंडीचं ऐका. कॅमेऱ्याची बॅटरी गार पडली की लवकर झोपते, जादाची बॅटरी शर्टाच्या आतल्या खिशात. डोक्याला लावायची बॅटरी लाल उजेडाची, म्हणजे डोळे अंधाराला सरावलेले राहतात आणि शेजारच्याचा फोटोही खराब होत नाही. लेन्स बराच वेळ उघड्या आकाशाखाली राहिली की तिच्यावर दव बसतं, दर दहा मिनिटांनी बॅटरी तिरकी मारून बघा. आणि गार झालेला कॅमेरा उबदार गाडीत किंवा खोलीत नेऊ नका, नेलाच तर आधी पिशवीत घट्ट बंद करून. नाहीतर फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला सुटतो तसा घाम सुटतो, आतबाहेर.

कासवगती

आलो मंडळी. वृत्तांत देतो, आधी कबुली.

आदल्या संध्याकाळी जागा बघितली, दगड मांडले, गुरांच्या वाटेनेच उतरलो. पहाटे पाच पंचवीसला काठावर. आतेभाऊ दोन स्वेटर आणि कानटोपीत, बिबट्याच्या नावाने शिव्या घालत माझ्या मागे. पश्चिमेला चंद्र, पाण्यावर त्याची लांब पट्टी, वारा शून्य. चंद्राच्या उजेडात डोंगर आधीच दिसत होते, हे कोणीच सांगितलं नव्हतं. चंद्रावर फोकस केला, चिकटपट्टी लावली. पहिले सात-आठ फोटो झकास.

मग आतेभाऊ म्हणाला, थर्मासमध्ये चहा आहे, दहा मिनिटं गाडीत बसू. हीटर लावून. काका, तुमचं वाक्य मला शब्दशः पाठ होतं. तरीही कॅमेरा मांडीवर घेऊन बसलो. चहा प्यालो, एक बिस्किट खाल्लं, उतरलो. सहा दहा ते सहा तीसचे सगळे फोटो म्हणजे न्हाणीघराच्या काचेतून काढल्यासारखे. आधी कळलंच नाही, मी आपला 'वा, धुकं आलं' म्हणून खूश. मग आतेभावाने बॅटरी तिरकी मारली. लेन्स पांढरी. बनियनने पुसली, परत पांढरी. पुसत बसलो, आणि तो राखाडी-गुलाबी पट्टा माझ्या डोळ्यांदेखत उमटला, रंगला. डोळ्यांनी मात्र पोटभर बघितला. ती राखाडी पट्टी खरंच खाली सरकते हो. आतेभावाला सांगितलं ही पृथ्वीची सावली, तर तो दोन मिनिटं गप्प होता, जे आमच्या घराण्यात होत नाही.

सहा चाळीसनंतर काच निवळली. १८-५५ शेवटपर्यंत फिरवून रतनगड आणि त्याचं प्रतिबिंब चौकटीत बसवलं. पाणी काच. बटण दाबणार, एवढ्यात डावीकडून ट्रकच्या ट्यूबवर बसून एक दादा आले, हातात वल्ह्याऐवजी फळीचे दोन तुकडे, जाळी काढायला निघालेले. त्यांच्या मागे पाण्यावर बाणासारखी रेघ उमटत गेली आणि थेट माझ्या गडाच्या प्रतिबिंबातून आरपार. मी चरफडलो. आतेभाऊ म्हणाला, "अरे, काढ की!" आयएसओ ८००, एफ/५.६, सेकंदाचा आठवा भाग. एकच काढला. ते पुढे गेल्यावर पाणी परत शांत व्हायला चांगली पाच मिनिटं लागली, मग स्वच्छ प्रतिबिंबाचेही वीसेक काढले.

घरी येऊन सगळे शेजारीशेजारी लावले. स्वच्छ वीसही बरे आहेत, जेवणघरातल्या भिंतीच्या तोडीचे. पण बायकोने बोट ठेवलं ते ट्यूबवाल्या फोटोवर. दादा अगदी लहान आणि काळे दिसतात, ती रेघ मात्र आकाशाचा गुलाबी रंग घेऊन आलीय आणि गडाचं प्रतिबिंब तेवढ्या भागात तीन तुकड्यांत मोडलंय. थोडा हललाय, खरं सांगायचं तर. आठव्या भागाऐवजी तिसावा ठेवायला हवा होता का?

अंधारखोली

आयएसओ ३२०० करून तिसावा ठेवता आला असता, पण फोटो दाणेदार झाला असता. मी आठवाच ठेवला असता. दादांच्या कडा थोड्या हलल्यात, गड पक्का आहे, पुरे. फक्त सावल्या फार उचलू नका, ते काळेच राहू देत.

फिल्टरवाला_बंड्या

फिल्टर असता तर काच पुसायला एक सपाट पृष्ठभाग तरी मिळाला असता. एवढंच नोंदवतो.

खडूस_काका

हीटर. लावून. चहा.

घोटीकर

फोटो मस्त. त्या दादांना एक प्रिंट नेऊन द्या, पुढच्या वेळी. नाव माहीत नसलं तरी चालेल, काठावरच्या चहाच्या टपरीवर फोटो दाखवा, तिथून पोचतो.

कासवगती

नक्की. फेब्रुवारीअखेर आकाशगंगेसाठी जायचंच आहे (आतेभावाला अजून सांगितलेलं नाही). चार बाय सहा बरा का?

घोटीकर

आठ बाय बारा काढा. चार बाय सहामध्ये त्यांना ते स्वतः सापडायचे नाहीत.